पहिली पाटी ड्रायव्हरची

माझ्या दुकानात काउंटरखाली एक खोका आहे. ठिबक सिंचनाचे उरलेले जॉइंटर, टी, एंड कॅप, कुणी परत आणून दिलेला एखादा व्हॉल्व्ह, सगळं त्यात पडतं. मुद्दाम कोणी साठवत नाही. पण वर्षाच्या शेवटी तो खोका सरकवायला दोन माणसं लागतात. किस्स्यांचंही तसंच आहे बघा. त्या त्या वेळी आपण हसतो, चहा पितो, कामाला लागतो. आणि एक दिवस लक्षात येतं, खोका भरला की राव!

आमचा खोका भरला तो विमानतळांमुळे. आता आळेफाट्यावर विमानतळ कुठून आलं, असं विचाराल. नाहीच आलं. इथं गॅरेज आहेत, हॉटेलं आहेत, नाशिक आणि नगरकडं जाणाऱ्या गाड्या आहेत. त्यातल्या त्यात सोयीचं विमानतळ पुण्याला, आणि तिथं पोचायला किती वेळ लागणार हे चाकणचा तुंबलेला चौक ठरवतो. तरीसुद्धा दर रविवारी सकाळी दहा वाजता, अर्धं शटर खाली ओढून, ठिबकच्या नळ्यांच्या बंडलांवर बसून आम्ही चौघं जगभरातल्या विमानतळांचे कोड सरळ करत असतो.

त्याचं असं आहे. इंटरनेटवर मराठीत एक मोफत ज्ञानकोश आहे. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. त्यात प्रत्येक विमानतळाचं एक पान. आणि प्रत्येक विमानतळाला दोन कोड असतात. एक तीन अक्षरांचा, तो तिकिटावर आणि बॅगेच्या चिठ्ठीवर छापतात. दुसरा चार अक्षरांचा, तो वैमानिक आणि कंट्रोल टॉवरवाले वापरतात. पुण्याचा तीन अक्षरी पीएनक्यू, चार अक्षरी व्हीएपीओ. हे दोन कोड पानावर कुठं दाखवायचे, कसे दाखवायचे, आधी कोणता आणि मग कोणता, हे सगळीकडं एकसारखं करायचं, एवढंच आमचं काम.

आम्ही चौघं म्हणजे कोण? एक मी. ठिबकचं दुकान, चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलो, इथं मला सगळे शेठ म्हणतात. दुसऱ्या सुनंदा मॅडम, पारगावच्या, हायस्कूलला भूगोल शिकवतात. तिसरा बोरी बुद्रुकचा सचिन. टोमॅटो पिकवतो, पण कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालाय, म्हणून आमचा इंजिनिअर तोच. आणि चौथे तात्या. एसटीचे रिटायर वाहतूक नियंत्रक. एकतीस वर्षं स्टँडवरच्या केबिनमध्ये माईक हातात धरून गाड्या सोडल्या. खरं सांगायचं तर हे सगळे किस्से तात्यांचेच आहेत, आम्ही बाकीचे नुसते बसलेलो असतो.

काम अजून पुरं झालेलं नाही. आजही तुम्ही तो ज्ञानकोश उघडलात तर बहुतेक विमानतळांच्या पानावर चार अक्षरी कोड वर दिसेल, आणि एकतीस पानांवर तीन अक्षरी वर. ते तसं का, हे शेवटी सांगतो.

* * *

तात्या आमच्यात आले ते व्हॉल्व्ह घ्यायला. रविवार होता. मॅडम आणि सचिन लॅपटॉप उघडून बसलेले. तात्या मागून डोकावले.

"काय चाललंय?"

सचिननं दाखवलं. एका पानावर कोड नावापुढं कंसात, एका पानावर पार खाली, एका पानावर दोन्ही कोड एकमेकांना चिकटलेले, आणि एका पानावर कोडच नाही.

तात्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं घरून वाईट फोन आला.

"आरं, ह्या पाट्या लिवल्यात कुनी? एकाची पाटी डोक्यावर, एकाची मागच्या काचेला, आन् एकाला पाटीच न्हाय! मानसं चढायची कशी?"

मॅडम म्हणाल्या, "तात्या, नाव लिहिलेलं आहे ना. कोड नसला तरी चालतं."

"नावावर जाऊ नका मॅडम. बोरी म्हणलं तर बोरी बुद्रुक का बोरी खुर्द? पिंपळगाव तर इचारूच नका. एकदा लग्नाचं अख्खं वऱ्हाड मी पिंपळगावच्या गाडीत बसवलं. गाडी बराबर पिंपळगावला गेली. लगीन दुसऱ्या पिंपळगावात व्हतं!"

"मग?"

"मग काय? कोड पायजे. एका गावाला एक. नाव खोटं बोलतं, कोड बोलत न्हाय." असं म्हणून ते नळीच्या बंडलावर बसले. व्हॉल्व्ह न्यायचा राहिला. तो मी पुढच्या रविवारी दिला, कारण तात्या पुढच्या रविवारी आले, आणि नंतरच्या प्रत्येक रविवारी.

* * *

खरं भांडण पेटलं ते आधी कोणता कोड, यावरून.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. पान वाचणार प्रवासी. प्रवाशाच्या तिकिटावर तीन अक्षरी. तर तोच वर.

तात्या म्हणाले, "गाडी कोन नेतं?"

"ड्रायव्हर."

"मंग पैली पाटी कुनाची? ड्रायव्हरची! त्याला कळलं की गाडी जाती. प्रवाशाला कळून गाडी जाती का?"

तीन रविवार हे चाललं. चहाचे कप वाढत गेले. शेवटी ज्ञानकोशाच्या चर्चापानावर विषय मांडला, कारण तिथं नियम आहे, सगळ्यांची सहमती झाली की बदल. तिथं विदर्भातले एक संपादक होते. कधी भेटलो नाही, नाव पण टोपणनाव. माणूस अभ्यासू. त्यांनी तात्यांचे मुद्दे एकेक करून खोडले. आणि शेवटी विचारलं, "आपला या क्षेत्रातला अनुभव काय?"

तात्यांनी एका बोटानं टाइप केलं, "एसटी. वाहतूक नियंत्रक. एकतीस वर्षे."

आम्हाला वाटलं, आता हसणार. मग उत्तर आलं:

"माझं अर्धं आयुष्य एसटी स्टँडवर गेलं आहे. कंट्रोलरशी वाद घालून आजवर कुणाला गाडी मिळालेली मी पाहिलेली नाही. माझा विरोध मागे घेतो."

झालं! चार अक्षरी वर. मॅडमनी नापसंती नोंदवली आणि कामाला लागल्या.

* * *

पानं शेकड्यांनी होती. एकेक उघडून बदलणं जमणार नव्हतं. सचिननं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एक्सेल शीटमधनं कोड उचलायचा आणि पानावर नेऊन ठेवायचा. शीट त्याच्याच लॅपटॉपवर. त्याच लॅपटॉपवर त्याचं टोमॅटोचं सगळं वेळापत्रक.

एका दुपारी त्यानं शेतातूनच, मोबाईलच्या नेटवर, तो प्रोग्रॅम आफ्रिका खंडावर सोडला. सोडला आणि पिकाला पाणी धरायला गेला.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "शेठ, आफ्रिका बघा."

बघितलं. विमानतळाचं नाव बरोबर, शहर बरोबर, देश बरोबर. आणि कोडच्या चौकटीत लिहिलेलं: "करपा. दर आठ दिवसांनी फवारणी. ढगाळ हवेत पाचव्या दिवशी."

अख्खा आफ्रिका! एकही विमानतळ सुटलं नव्हतं. सचिनकडून शीट चुकली होती.

सचिन धावत आला. तेवढ्यात चर्चापानावर कुणा वाचकाची नोंद पडलेली दिसली. "माहिती उपयुक्त आहे, मात्र औषधाचे प्रमाण दिलेले नाही."

सचिननं आधी प्रमाण दिलं, मग आफ्रिका दुरुस्त केला.

* * *

तात्यांची तपासायची पद्धत वेगळी. डोळ्यांनी वाचून त्यांचा विश्वास बसत नाही. मोठ्यानं म्हणायचं, तेही मोबाईल तोंडासमोर माईकसारखा आडवा धरून, आणि प्रत्येक नाव दोनदा. जुनी सवय.

असाच एक रविवार. आत तात्यांचं चाललेलं. "पुणे! व्हीएपीओ! पुणे!"

राजुरीचा एक शेतकरी अर्ध्या शटरखालून वाकून आला होता. फिल्टर पसंत केला, खोका काउंटरवर ठेवला, पिशवी काढली. तात्यांचा आवाज ऐकला आणि थबकला.

"पुन्याची लागली का?"

तात्यांनी मान वर केली नाही. "लागलीय. घाई करा."

माणूस पिशवी घेऊन पळाला! मी शटरमधनं हाका मारतोय, "अहो पावणं, फिल्टर!" कुठलं काय. रस्ता ओलांडून पार.

तो काही परत आला नाही. पुण्याला गेला असणार. बहुतेक त्याला जायचंच नव्हतं. फिल्टर अजून माझ्याकडं पडून आहे. खोक्याचं काय झालं ते पुढं येईल.

* * *

आता एक गोष्ट आमच्यात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नव्हतं. तात्या कधी विमानात बसलेले नाहीत.

त्यांची मुलगी वैशाली जर्मनीत, हॅम्बुर्गला असते. जावई तिकडं इंजिनिअर. पाच वर्षं झाली. पोरीनं दोनदा बोलावलं. पहिल्यांदा तात्या म्हणाले, गाय विणार आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, गुडघा दुखतोय. आणि त्याच आठवड्यात शिवनेरीवर, वरच्या कड्यावर हात कमरेवर ठेवून काढलेला फोटो आमच्या ग्रुपवर त्यांनीच टाकला.

मॅडम शिक्षिका. त्यांना राहवेना. एकदा सरळ विचारलं, "तात्या, जगातली सगळी विमानतळं तुम्हाला पाठ. जात का नाही पोरीकडं? भीती वाटते का?"

मी म्हटलं, झालं आता, उठून जाणार. पण तात्यांनी लॅपटॉप बाजूला केला.

"वाटती. खोटं कशाला बोलू? मॅडम, एकतीस वर्षं मी ज्या गाड्या सोडल्या, त्याच्या एकेका ड्रायव्हरचं नाव, गाव, पोरंबाळं मला ठाव. कोन पिऊन आलाय ते वासावरनं कळायचं, त्याला घरी धाडायचो. ह्या इमानात ड्रायव्हर दार लावून आत बसतो. त्यो कोन, कसा, झोपलाय का जागा हाय, काय कळतंय? वळखीचा ड्रायव्हर असल्याबिगर मी बसनार न्हाय."

"अहो, तुम्हाला तिकडचा ड्रायव्हर ओळखीचा कसा असेल?"

"मंग बसनार न्हाय," तात्या म्हणाले, आणि लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला.

मग वैशालीला दिवस गेले. फार वर्षांनी. डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं. तिकडं जावयाशिवाय कुणी नाही. तिनं वडिलांना विचारलंच नाही. आईला म्हणाली, "आई, तू तरी ये गं."

काकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, आळे गावाच्या बाहेर कधी फार गेलेल्या नाहीत. इंग्रजीचा गंध नाही. तात्या म्हणाले, "एकटी कशी जाशील? ड्रायव्हर कोन हाय ते बी ठाव न्हाय."

काकू पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "लेकीचं बाळंतपन हाय. ड्रायव्हर कुनी का आसंना."

* * *

काकूंना पोचवायची तयारी तात्यांनी अशी केली, जशी पूर्वी जादा गाड्यांची करायचे.

तिकीट मुंबई ते फ्रँकफर्ट, तिथं विमान बदलून हॅम्बुर्ग. वैशालीनं फ्रँकफर्टला आईसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती, म्हणजे तिथला माणूस आपोआप दुसऱ्या विमानापर्यंत नेऊन सोडतो.

तात्यांनी तीन गोष्टी घोकून घेतल्या. एक, झोपायचं नाही. दोन, तिकीट फक्त चेकरला दाखवायचं. बाकी कुणी कितीही गोड बोललं तरी काढायचं नाही, गळ्यातल्या पिशवीत, लुगड्याच्या आत. आणि तीन, पाटी धरायची.

पाटी! तात्यांनी स्वतः बनवली होती. पडून राहिलेल्या त्या फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा माझ्याकडून नेला. वर पांढरा कागद, काळा रंग, वर दोन भोकं पाडून तार. एसटीच्या पाटीसारखी दोन्ही बाजूंनी लिहिलेली. एका बाजूला फ्रँकफर्ट, दुसऱ्या बाजूला हॅम्बुर्ग. फ्रँकफर्टला उतरलं की पाटी उलटी करायची. काकूंना वाचता यावं म्हणून गावाचं नाव बारीक मराठीत. आणि त्याखाली हातभर मोठ्या अक्षरात, इंग्रजीत, फक्त कोड. नावाचा भरवसा नाही, कोड खोटं बोलत नाही.

फोटो ग्रुपवर आला. मी अंगठा दिला. सचिननं अंगठा दिला. मॅडमनी अंगठा दिला आणि वर लिहिलं, "सुरेख अक्षर!"

शनिवारी सचिननं गाडी काढली आणि काकूंना मुंबईला सोडून आला. तात्या सोबत गेले, पण विमानतळाच्या दाराच्या अलीकडं उभे राहिले. सचिन सांगत होता, काकू आत शिरल्या, वळून पाहिलं नाही, पाटी मात्र बरोबर छातीवर होती.

* * *

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही नेहमीसारखे दुकानात. काम कुणाचं होत नव्हतं. सचिनच्या लॅपटॉपवर विमान कुठं आहे ते दिसतं, त्याकडं सगळे बघत बसलेलो. साडेअकराच्या सुमाराला फ्रँकफर्टला उतरलं. तात्या म्हणाले, "टाइमात हाय."

बारा वाजले. साडेबारा झाले. वैशालीचा फोन आला. आवाज घाबरलेला. "बाबा, आईचा फोन लागत नाहीये. आणि एअरलाइनवाले म्हणतात, व्हीलचेअर घेऊन माणूस आला होता, पण बाई बसल्याच नाहीत."

तात्या म्हणाले, "कशा बसतील? ती रानात खुरपायला जाती. तिला वाटलं आसंल, मला लंगडी समजत्यात."

"मग गेली कुठं ती?"

हॅम्बुर्गचं विमान आपल्या दीडला सुटणार होतं. जावई तिकडं स्टँडवर, म्हणजे विमानतळावर, जाऊन उभे. वैशालीचे दिवस भरत आलेले, तिला कुणी हलू देत नव्हतं.

मॅडमनी ग्रुपवरचा पाटीचा फोटो पुन्हा उघडला. बराच वेळ बघत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तात्या, पाटीवर कोणता कोड लिहिला?"

"वरचा. पैला."

"चार अक्षरी?"

तात्यांनी मान हलवली.

"तात्या, तो काउंटरवर कुणाला कळणार? तिकिटावर तीन अक्षरी असतो. आणि तिकीट तर तुम्ही काढू नका म्हणून सांगितलंय."

गाडी पंक्चर असो, रस्ता बंद असो, तात्यांकडं अनाउन्समेंट तयार असायची. त्या दिवशी ते नळीच्या बंडलावर बसले आणि दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले.

"मी घालवली तिला," ते म्हणाले. "जायला पायजे व्हतं मी. भ्यालो म्हनून तिला एकटीला धाडली, आन् पाटी बी चुकीची दिली."

मॅडम म्हणाल्या, "आम्हीही अंगठे दिलेच ना." पण त्यानं काही होण्यासारखं नव्हतं.

दीड वाजला. हॅम्बुर्गचं विमान सुटलं. काकू त्यात आहेत की नाहीत, कुणी सांगेना. एअरलाइनचा फोन नुसता गाणी वाजवत होता.

तात्यांनी लॅपटॉप ओढला. फ्रँकफर्टचं पान उघडलं, कोड खालवर केले, तीन अक्षरी वर. बदलाचं कारण लिहायची एक चौकट असते, तिच्यात एका बोटानं लिहिलं, "चूक माझी. प्रवासी आधी." मग हॅम्बुर्ग. तेच कारण. मग मुंबई. मग पुणे. सचिन म्हणाला, "तात्या, मी प्रोग्रॅमनं एकदम करतो." ते म्हणाले, "नको." एकेक पान उघडत होते, एकेक वेळा तेच चार शब्द लिहीत होते. मी शटर पूर्ण खाली घेतलं. एक वाजून गेला की आम्ही उठतो, त्या दिवशी कुणी उठलं नाही. कुणाला जेवायची आठवणही नव्हती.

एकतीस पानं झाली होती तेव्हा माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, जावयाच्या नंबरवरनं. आणि स्क्रीनवर काकू! अंगात जावयाचं जाकीट, कपाळावर कुंकू जसंच्या तसं.

तात्यांनी फोन माझ्या हातातनं काढून घेतला. "व्हतीस कुठं तू?" म्हणाले.

"व्हते म्हंजी? इमानात व्हते!" काकू म्हणाल्या. "आधी त्या मोठ्या हॉलात उभी राहिले. पाटी उलटी केली तुमी सांगितली तशी. धरली छातीला. तर समद्यांना वाटलं, मी कुनाला न्यायला आलीये! एक पोरगी तर मला हाताला धरून भाईरच्या दाराकडंच न्यायला लागली. मी म्हणलं, बाई, मला भाईर न्हाय जायचं. एकानं फोटू काढला. पाटी कुनाला कळंना."

"मंग तिकीट दाखवायचं व्हतं की!"

"चेकर दिसला न्हाय ना."

तात्यांनी डोळे मिटले.

"मंग एक आला," काकू म्हणाल्या. "उंच. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, हातात पेटी. पुढं गेला, आन् थांबला. माघारी आला. पाटी वाचली आन् असा हसला, जसं त्याच्या गावाचं नाव लिवलंय. मी म्हणलं, ड्रायव्हर का? त्याला कळंना. मंग मी हातानं असं केलं."

स्क्रीनवर काकूंनी दोन्ही हातांनी एसटीचं भलंमोठं स्टिअरिंग फिरवलं, अगदी घाटातल्या वळणासारखं.

"तर त्यानं बी पेटी खाली ठिवली आन् तसंच केलं! मंग माझी पिशवी घेतली, आन् मला चालवत नेलं पार इमानात. खिडकीपाशी बसवलं. आन् स्वतः पुढं गेला."

"त्योच चालवत व्हता?" तात्यांनी विचारलं.

"मंग? दुसरं कोन? दारातनं मला हात केला त्यानं."

"पाटी कुठंय?"

"त्यानं मागून घेतली. बोट केलं पाटीकडं, मी दिली. आत घिऊन गेला आन् दार लावलं. लावली आसंल पुढं."

दुकानात कुणी हसलं नाही. मॅडम पदरानं डोळे पुसत होत्या आणि पुसत नाही असं दाखवत होत्या. घरून त्याच कॉलवर जोडलेल्या वैशालीचा आवाज आला, "बाबा, आई पोचली, आता मला काही काळजी नाही."

सचिन हळूच म्हणाला, "तात्या, ती एकतीस पानं? परत फिरवायची का?"

तात्यांनी ऐकलं नाही. त्यांनी फोन तोंडासमोर आडवा धरला, केबिनमध्ये माईक धरायचे तसा, आणि घसा साफ केला.

"अगं," ते म्हणाले, "त्या ड्रायव्हरची ड्युटी कोनत्या वारी आसती, तेवढं इचारून ठेव."